अ‍ॅप्टिट्यूड टेस्टची तयारी: क्रम चुकला की मेहनत वाया जाते

अर्ज केल्यावर काही दिवसांनी ईमेल येतो: पुढच्या आठवड्याभरात ऑनलाइन अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट द्या. बहुतेक जण त्याच संध्याकाळी एक जाडजूड प्रश्नसंच मिळवतात आणि पहिल्या पानापासून सोडवायला बसतात. नळ आणि टाकी, बोट आणि प्रवाह, आगगाडी आणि पूल. पाचव्या दिवशी दोनशे प्रश्न झालेले असतात. प्रत्यक्ष चाचणीत मात्र बोटही नसते आणि आगगाडीही नसते. समोर विक्रीचा एक तक्ता असतो, त्याखाली चार प्रश्न आणि कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ.

ज्यांचं गणित पक्कं आहे अशी माणसंही इथे गळतात, आणि ते बघून मला मनापासून वाईट वाटतं, कारण मेहनत कमी पडलेली नसते. ती भलत्या जागी झालेली असते. प्रश्न सोडवत सुटणं ही तयारीतली तिसरी-चौथी पायरी आहे. त्याआधी चाचणी कोणती आहे आणि तुमचे गुण नेमके कुठे गळतात, या दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. दिवस कमी असले तरी पहिल्या तीन पायऱ्या गाळू नका.

## पायरी १: कोणती चाचणी आहे ते आधी शोधा

‘अ‍ॅप्टिट्यूड’ या एका शब्दाखाली एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या चाचण्या येतात. वंडरलिकची जुनी, प्रसिद्ध चाचणी घ्या: १२ मिनिटांत ५० प्रश्न, आकडे, शब्द आणि तर्क सगळं मिसळून. सीसीएटी (क्रायटेरिया कॉग्निटिव्ह अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट) या चाचणीतही प्रश्न ५०च, वेळ १५ मिनिटं आणि कॅल्क्युलेटर वापरायचा नाही. वॉटसन-ग्लेझरमध्ये आकडेमोड जवळपास नसतेच, तिथे उताऱ्यातून काय निष्पन्न होतं आणि काय होत नाही याची पारख असते. रेव्हनच्या चाचणीत तर एकही शब्द वाचावा लागत नाही, फक्त आकृत्या. या चारही चाचण्यांसाठी एकच पुस्तक घेऊन बसणं म्हणजे विषय न विचारता परीक्षेला जाणं.

म्हणून निमंत्रणाचा ईमेल शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि एका कागदावर ही माहिती लिहून काढा:

- चाचणी बनवणाऱ्या कंपनीचं नाव (बऱ्याचदा ते फक्त लिंकच्या पत्त्यात दिसतं)
- विभाग कोणते, प्रत्येकात प्रश्न किती, मिनिटं किती
- कॅल्क्युलेटर आणि कच्चा कागद चालतो का
- चुकीच्या उत्तराला गुण कापतात का
- सोडलेल्या प्रश्नाकडे परत जाता येतं का
- लिंकची मुदत कधी संपते आणि कॅमेरा सुरू ठेवावा लागतो का

नाव कळलं की त्या कंपनीच्या संकेतस्थळावर जा. चाचण्या बनवणाऱ्या अनेक कंपन्या स्वतःच नमुना प्रश्न मोफत देतात. प्रश्नांची धाटणी आणि पडद्याची मांडणी दुसरीकडे कुठेच इतकी हुबेहूब मिळत नाही.

ईमेलमध्ये माहिती अपुरी असेल तर विचारा. ‘विचारलं तर तयारी नाही असं वाटेल’ या भीतीने लोक गप्प बसतात. ही भीती सोडून द्या, असे ईमेल एचआरकडे नेहमी येतात. एवढं पुरतं:

“नमस्कार. चाचणीचं निमंत्रण मिळालं, धन्यवाद. चाचणीत कोणते विभाग आहेत, एकूण वेळ किती आहे आणि कॅल्क्युलेटर वापरता येतो का, एवढं कृपया कळवाल का? नमुना प्रश्नांची लिंक असल्यास तीही पाठवावी, ही विनंती.”

सावधान: दृष्टी, वाचन, हातांची हालचाल किंवा एकाग्रता यांत काही अडचण असेल, किंवा रंग ओळखता येत नसतील, तर ते याच टप्प्यावर लेखी कळवा. जादा वेळ, मोठी अक्षरं, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) अशा सोयी मिळू शकतात, पण त्यांची व्यवस्था करायला त्यांनाही दिवस लागतात. चाचणी संपल्यावर सांगितलं तर सहसा काही करता येत नाही.

## पायरी २: तयारी न करता एक पूर्ण चाचणी द्या

ही पायरी लोकांना सगळ्यात नकोशी वाटते. ‘आधी थोडा अभ्यास करतो, मग मॉक देतो’ असं प्रत्येक जण म्हणतो. पण अभ्यास कशाचा करायचा हेच अजून माहीत नाही.

मिळेल तो सगळ्यात जवळचा नमुना घ्या, घड्याळ लावा आणि एका बैठकीत द्या. उत्तर लिहिताना शेजारी एक खूण करा: खात्री असेल तर टिक, अंदाज असेल तर प्रश्नचिन्ह. वेळ संपली की पेन खाली ठेवा. उत्तरं अजून तपासू नका.

आता दुसऱ्या रंगाचं पेन घ्या आणि राहिलेले व शंकेचे सगळे प्रश्न घड्याळाशिवाय सोडवा. लागेल तेवढा वेळ घ्या. मग दोन्ही रंगांची उत्तरं तपासा. तुमच्याकडे दोन आकडे असतील: वेळेतले गुण आणि विनावेळेचे गुण.

समजा, वेळेत ३० पैकी १४ आले आणि विनावेळ २६. मग तुम्हाला रीत येते, कमी पडतो तो वेग आणि प्रश्न निवडण्याचा सराव. अशा माणसाने पुन्हा शेकडेवारीचे धडे वाचत बसू नये. याउलट वेळेत १३ आणि विनावेळही १५च असतील, तर घड्याळाला दोष देऊन उपयोग नाही, मूळ रीतच पक्की करायला हवी. दोघांचेही पहिले गुण जवळपास सारखेच, पण पुढच्या दहा दिवसांचा अभ्यास पूर्ण वेगळा.

टिक आणि प्रश्नचिन्हं दोन्ही मोजायला विसरू नका. टिक केलेली उत्तरं बरीच चुकली असतील तर ती अंदाज चुकण्यापेक्षा गंभीर बाब आहे: तुम्ही फसताय आणि तुम्हाला ते कळतही नाहीये.

तपासा: दोन्ही आकडे लिहून ठेवलेत का? त्यांच्याशिवाय पुढची पायरी करता येणार नाही.

## पायरी ३: चुकांची वही

संपूर्ण तयारीत सगळ्यात जास्त फायदा या वहीचा होतो, आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही हिचीच होते. चुकलेला प्रश्न, त्याचं बरोबर उत्तर, आणि शेजारी चुकीचं कारण, असं लिहायचं. कारणाच्या रकान्यात ‘सिली मिस्टेक’ हे शब्द लिहायचे नाहीत असा नियमच करा. त्या शब्दांनी चूक झाकली जाते, सापडत नाही. तीच चूक सहा वेळा झाली असेल तर तिला किरकोळ कसं म्हणणार?

कारणं साधारण चार प्रकारची निघतात:

रीत माहीत नव्हती. ही सगळ्यात सरळ. तो प्रकार शिका, त्याच प्रकारचे दहा-बारा प्रश्न लागोपाठ सोडवा, दोन दिवसांनी पुन्हा पाच सोडवा.

वाचण्यात चूक. प्रश्नात ‘नाही’ होतं ते निसटलं. तक्त्याच्या डोक्यावर ‘आकडे हजारांत’ लिहिलं होतं ते दिसलं नाही. ‘वाढ किती’ विचारलं होतं, तुम्ही ‘एकूण किती’ काढलं. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो: उत्तर निवडण्यापूर्वी प्रश्नाची फक्त शेवटची ओळ पुन्हा वाचायची. तीन सेकंद जातात.

आकडेमोडीत चूक. रीत बरोबर, गुणाकार चुकला. इथे आणखी गणितं सोडवण्यापेक्षा दिवसाला दहा मिनिटं नुसती आकडेमोड करा. ३० पर्यंतचे वर्ग, १/३, १/६, १/७, १/८, १/९ आणि १/१२ यांची शेकडेवारी, दोन अंकी गुणाकार. १/७ म्हणजे साधारण १४.३ टक्के हे तोंडावर असेल तर एका प्रश्नात वीस सेकंद वाचतात.

वेळेची चूक. प्रश्न सुटण्यासारखा होता पण तिथपर्यंत पोचलाच नाहीत, किंवा त्याच्या आधीच्या एकाच प्रश्नात चार मिनिटं अडकलात. चुकलेल्या प्रश्नाशेजारी हे लिहून उपयोग नाही. ज्या प्रश्नाने वेळ खाल्ला, त्याचा क्रमांक लिहा.

एक नोंद अशी दिसेल: “प्रश्न ११. एका वर्षाची विक्री ४५, पुढच्या वर्षी ५४. वाढ विचारली. मी ९ ला ५४ ने भागलं, १६.७ टक्के. बरोबर: ९ भागिले ४५, २० टक्के. कारण: पाया कोणता ते ठरवण्याआधी भागाकार केला.” शेवटच्या वाक्यात पुढच्या वेळी काय करायचं ते आपोआप येतं. पर्यायांमध्ये १६.७ टक्के हेही उत्तर होतं, हे लक्षात घ्या. प्रश्न बनवणारे नेहमीच्या चुकांची उत्तरं मुद्दाम पर्यायांत ठेवतात. ‘माझं उत्तर पर्यायांत आहे’ हा ते बरोबर असल्याचा पुरावा होत नाही.

पाच-सहा दिवसांनी वही चाळा आणि कोणतं कारण किती वेळा आलं ते मोजा. जे सगळ्यात वर येईल, त्या दिवशी फक्त तेच हाताळा.

## पायरी ४: विभागवार सराव

तुमच्या चाचणीत जे विभाग आहेत तेवढेच वाचा, बाकीचे सोडून द्या.

### आकड्यांचा विभाग

नोकरीच्या चाचण्यांतलं गणित शाळेच्या वरच्या इयत्तांचं नसतं. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी आणि तक्ते-आलेख वाचणं यांवरच बहुतेक प्रश्न असतात. अवघड असतं ते तक्त्यातून नेमका आकडा उचलणं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तक्त्याचं शीर्षक आणि एकक, मग प्रश्न, मग पुन्हा तक्ता आणि फक्त लागणारे आकडे. अख्खा तक्ता आधी समजून घ्यायला बसलात तर दीड मिनिट तिथेच जातं.

पुन्हा पुन्हा फसवणारे चार प्रकार:

एक, उलटी शेकडेवारी. २० टक्के वाढीनंतर आकडा ६०० झाला, आधी किती होता? ६०० चे २० टक्के वजा करून ४८० म्हणणारे खूप. ६०० ला १.२ ने भागायचं, उत्तर ५००.

दोन, लागोपाठचे बदल. २० टक्के वाढ आणि मग २० टक्के घट म्हणजे मूळ आकडा नव्हे. १०० चे १२०, १२० चे ९६.

तीन, टक्क्यांमधला फरक. हिस्सा ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला तर फरक १० अंकांचा, पण वाढ २५ टक्क्यांची. प्रश्नात कोणता शब्द आहे ते बघा.

चार, सरासरींची सरासरी. ३० जणांच्या गटाची सरासरी ६०, १० जणांच्या गटाची ८०. दोन्ही गटांची मिळून ७० नाही, ६५ आहे, कारण मोठा गट आकड्याला आपल्याकडे ओढतो.

अंदाज करणं हे कौशल्य वेगळं बसवावं लागतं. १३७६ चे ३८ टक्के विचारलेत आणि पर्याय ४८१, ५२३, ५६४, ६१० असे आहेत. ४० टक्के म्हणजे साधारण ५५०, त्यातून २ टक्के म्हणजे २७-२८ कमी. ५२३. कागदाला हात न लावता. कॅल्क्युलेटर चालत असला तरी हा सराव ठेवा, कारण चुकीचं बटण दाबलं गेलं तर अंदाजच सावध करतो.

### उताऱ्यांचा विभाग

विधान दिलेलं असतं आणि तीन पर्याय: बरोबर, चूक, सांगता येत नाही. वाचनाची सवय असलेली, बहुश्रुत माणसंही इथे चुकतात, कारण ती स्वतःची माहिती उताऱ्यात मिसळतात. उतारा हेच संपूर्ण जग आहे असं धरून चाला.

उदाहरण बघा. “कंपनीने गेल्या वर्षी दोन नव्या शाखा उघडल्या. दोन्ही मिळून ४० जणांची नेमणूक झाली, त्यांपैकी ३० जणांना पूर्वीचा अनुभव होता.”

‘प्रत्येक शाखेत २० जण नेमले गेले.’ सांगता येत नाही, वाटणी दिलेली नाही. ‘नेमलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जण अनुभवी होते.’ चूक. ‘कंपनी अनुभवी लोकांना प्राधान्य देते.’ इथे हात ‘बरोबर’कडे जातो. पण कदाचित अर्ज करणारेच बहुतेक अनुभवी असतील. धोरणाबद्दल उताऱ्यात एक शब्दही नाही, म्हणून सांगता येत नाही.

‘चूक’ आणि ‘सांगता येत नाही’ यांत गोंधळ होत असेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे विधान खोटं ठरवणारी ओळ मला उताऱ्यात बोट ठेवून दाखवता येते का? दाखवता आली तर चूक. नाही आली तर सांगता येत नाही. सगळे, फक्त, नेहमी, कधीच नाही, काही, बहुतेक या शब्दांखाली मनातल्या मनात रेघ ओढा. विधानाचं पारडं बहुतेकदा याच शब्दांवर फिरतं.

वॉटसन-ग्लेझरमध्ये अनुमानाच्या भागाला पाच पर्याय असतात. ‘बहुधा बरोबर’ आणि ‘बहुधा चूक’ हे मधले दोन जादा. तिथे सर्वसाधारण जाणकारी थोडी वापरायची असते. म्हणजे नियम चाचणीगणिक बदलतात. प्रत्येक विभागाच्या सूचना स्वतंत्र वाचा, सरावात अंगवळणी पडलेला नियम तिथे तसाच नेऊ नका.

### आकृत्या आणि मालिका

नुसतं टक लावून बघितल्याने नमुना सापडत नाही. एक ठरलेली यादी डोक्यात ठेवा आणि तिच्यावरून क्रमाने जा: संख्या, जागा, फिरण्याची दिशा, आकार, भरलेलं की रिकामं, रेषांची जाडी. एका वेळी आकृतीतल्या एकाच घटकाचा माग काढा, उदाहरणार्थ फक्त काळा ठिपका. त्याचा नियम सापडला की तो मोडणारे पर्याय खोडा. मग दुसरा घटक. अवघड प्रश्नांत दोन-तीन नियम एकाच वेळी चालू असतात, आणि सगळे एकदम शोधायला गेलं की एकही हाती लागत नाही.

आकड्यांच्या मालिकेतही तेच. ३, ७, १५, ३१: आधी फरक काढा. ४, ८, १६, म्हणजे पुढचा फरक ३२ आणि उत्तर ६३. फरक वेडेवाकडे दिसले तर एकाआड एक आकडे बघा. ४, ९, ६, १२, ८, १५ यात दोन मालिका गुंफल्या आहेत: ४, ६, ८ आणि ९, १२, १५. पुढचा आकडा १०.

### तर्क

‘सर्व व्यवस्थापक पदवीधर आहेत. काही पदवीधर लेखक आहेत. म्हणून काही व्यवस्थापक लेखक आहेत.’ ऐकायला पटतं, पण निष्कर्ष निघत नाही: लेखक असलेले पदवीधर व्यवस्थापकांच्या वर्तुळाबाहेरचेही असू शकतात. वर्तुळं काढा. निष्कर्ष खोटा ठरेल असं एक जरी चित्र काढता आलं, तरी तो निष्कर्ष बाद.

### प्रसंग आणि स्वभावाचे प्रश्न

कामाच्या ठिकाणचा एखादा प्रसंग देऊन ‘सर्वांत योग्य’ आणि कधी ‘सर्वांत अयोग्य’ कृती निवडायला सांगतात. अशा वेळी आधी माहिती घेणारी, आपली जबाबदारी न ढकलणारी आणि ज्याला त्रास होतोय त्याच्यापर्यंत पोचणारी कृती सहसा वरचढ ठरते. प्रत्येक गोष्ट थेट वरिष्ठांकडे नेणं आणि काहीच न करता वाट बघणं, ही दोन्ही टोकं सहसा कमकुवत.

स्वभावाच्या प्रश्नावलीसाठी पाठांतर करू नका. एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा विचारलेली असते आणि सोंग घेणाऱ्याची उत्तरं आपापसांत जुळत नाहीत. ‘मी कधीच खोटं बोललो नाही’ अशा विधानाला जोरदार होकार दिला तर उलट शंका येते. कामाच्या ठिकाणी तुम्ही कसे वागता ते डोळ्यांसमोर ठेवा आणि पटापट उत्तरं द्या.

## पायरी ५: घड्याळाशी जुळवून घ्या

वंडरलिकमध्ये एका प्रश्नाला १४ सेकंदांपेक्षा थोडंच जास्त मिळतं, सीसीएटीत १८ सेकंद. तिथे सगळे प्रश्न सोडवणं अपेक्षितच नाही, ५० पैकी २० ते २४ च्या आसपास गुण म्हणजे सरासरी. हे ठाऊक नसलेला उमेदवार तिसावा प्रश्न झाला आणि वेळ संपली की खचतो, आणि पुढच्या विभागातही त्याच मनःस्थितीत जातो.

आधी टप्पे ठरवा. २५ मिनिटांत २० प्रश्न असतील तर १० मिनिटांना आठवा आणि २० मिनिटांना सोळावा प्रश्न संपलेला हवा. घड्याळ फक्त या दोन वेळांना बघा. दर प्रश्नानंतर बघणाऱ्याचं लक्ष प्रश्नावर राहत नाही.

परत जाता येत असेल तर दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फक्त लगेच सुटणारे, बाकीच्यांवर खूण. परत जाता येत नसेल तर सरासरी वेळेच्या दीडपट वेळ झाली की जे पर्याय उरले असतील त्यातून एक निवडा आणि पुढे व्हा. ही दुसरी सवय फार जड जाते. ‘आता इतका वेळ दिलाय तर सोडवूनच टाकतो’ हा विचार मीही केला आहे: एका तक्त्याच्या प्रश्नाला चार मिनिटं दिली, उत्तर बरोबर आलं आणि शेवटचे पाच सोपे प्रश्न न वाचताच वेळ संपली.

काही चाचण्या तुमच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड करतात. अशा चाचणीत प्रश्न कठीण होत गेले तर ते वाईट लक्षण मानू नका.

आता अंदाजाने उत्तर द्यावं की नाही, याचा हिशोब:

- गुण कापत नसतील तर एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. शेवटची ३० सेकंदं त्यासाठी राखून ठेवा.
- चार पर्याय आणि चुकीला पाव गुण वजा असेल, तर डोळे मिटून केलेला अंदाजही सरासरीने किंचित फायद्यात जातो.
- चार पर्याय आणि एक तृतीयांश वजा असेल, तर निव्वळ अंदाजात ना नफा ना तोटा. पण एक जरी पर्याय खात्रीने खोडता आला तरी अंदाज फायद्याचा.
- याहून जास्त कापत असतील तर निदान दोन पर्याय खोडता आल्याशिवाय हात लावू नका.

तपासा: तुमच्या चाचणीला यातला कोणता नियम लागू आहे? ‘बहुधा कापत नसतील’ हे उत्तर चालणार नाही. पायरी १ च्या कागदाकडे परत जा.

## पायरी ६: दिवसांची आखणी

दोन आठवडे असतील तर रोज ४० ते ६० मिनिटं पुरतात. पहिला दिवस पायरी १ आणि २ चा. पुढचे सहा दिवस दुबळ्या विभागांचा सराव, आधी घड्याळाशिवाय, मग घड्याळासह. त्यानंतर एक दिवस आड पूर्ण चाचणी, आणि मधल्या दिवशी फक्त त्या चाचणीची वही. एका दिवसात तीन-तीन मॉक देणारे वहीला वेळच ठेवत नाहीत आणि त्याच चुका तीनदा पक्क्या करतात.

तीनच दिवस असतील तर पहिल्या दिवशी पायरी २ ची चाचणी आणि वही, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त गुण गळतात तो एकच प्रकार, तिसऱ्या दिवशी एक पूर्ण चाचणी आणि झोप. सगळे विभाग थोडे थोडे करायच्या मोहात पडू नका.

सावधान: ‘खऱ्या चाचणीचे फुटलेले प्रश्न’ विकणाऱ्यांपासून दूर राहा. मोठ्या प्रश्नपेढीतून प्रत्येकाला वेगळे प्रश्न मिळणं ही आता नेहमीची गोष्ट आहे. घरून चाचणी दिल्यावर काही कंपन्या पुढच्या फेरीत देखरेखीखाली तशीच छोटी चाचणी पुन्हा घेतात, आणि दोन्हींत मोठी तफावत आली तर अर्ज तिथेच थांबू शकतो. दुसऱ्याला शेजारी बसवून सोडवणाऱ्यांचीही गत तीच.

## पायरी ७: आदला दिवस आणि जागा

नवं काही शिकू नका. वहीतली कारणं एकदा वाचा आणि यंत्रणा तपासा: ज्या संगणकावर चाचणी देणार त्यावरच नमुना चाचणी उघडून बघा. ब्राउझर चालतो का, कॅमेरा-माइकची परवानगी दिली आहे का, चार्जर जोडला आहे का, अपडेट मध्येच सुरू होणार नाही ना. सूचनांमध्ये मनाई नसली तरी फोनवर चाचणी देऊ नका, छोट्या पडद्यावर तक्ता आणि प्रश्न एकदम दिसत नाहीत.

कॅमेऱ्याची देखरेख असेल तर टेबल मोकळं हवं आणि खोलीत दुसरं कोणी नको. दुसरी टॅब उघडली की काही यंत्रणा लगेच नोंद करतात. ओळखपत्र हाताशी ठेवा. घरातल्यांना वेळ सांगून ठेवा.

लिंकच्या मुदतीच्या शेवटच्या तासात चाचणी सुरू करू नका. काही बिघडलं तर मदत मागायलाही वेळ उरत नाही.

## पायरी ८: चाचणी सुरू झाल्यावर

सुरुवातीच्या सराव-प्रश्नांवर बहुतेक ठिकाणी घड्याळ चालत नाही आणि गुणही नसतात. घाईने ते ओलांडू नका. बटणं कुठे आहेत, उत्तर बदलता येतं का, कॅल्क्युलेटर कुठे उघडतो, हे तिथेच बघून घ्या.

मध्येच इंटरनेट गेलं किंवा पान अडकलं तर वेळ आणि प्रश्न क्रमांक लगेच लिहून ठेवा, पुन्हा जोडणी झाली तर पुढे चालू ठेवा, आणि संपल्याबरोबर मदत-विभागाला आणि एचआरला दोघांनाही ईमेल करा. दोन दिवसांनी निकाल आल्यावर केलेल्या तक्रारीला तेवढं वजन राहत नाही.

चाचणी संपली की दहा मिनिटांत वहीत शेवटची नोंद करा: कोणत्या विभागात वेळ कमी पडला, कुठे अडकलात, कोणता प्रकार अनपेक्षित होता. प्रश्न उतरवून काढायचे नाहीत आणि कोणाला पाठवायचेही नाहीत, त्याला सहसा मनाई असते. नोंद फक्त स्वतःच्या वागण्याची.

निकालात ‘७० पर्सेंटाइल’ असं आलं तर ते ७० टक्के गुण नव्हेत. तुलनेसाठी घेतलेल्या गटातल्या साधारण ७० टक्के लोकांपेक्षा तुमचे गुण जास्त आहेत, एवढाच त्याचा अर्थ. गट बदलला की तेच गुण वेगळ्या पर्सेंटाइलला जातात, त्यामुळे दोन कंपन्यांचे निकाल शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. निवड झाली नाही तर दोन गोष्टी ईमेलने विचारून घ्या: विभागवार निकाल मिळेल का आणि पुन्हा चाचणी किती महिन्यांनी देता येते. उत्तर आलं की ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.